दुसऱ्या सामन्याचा कॅचर

एमिल हुडाक सहा वर्षं आमच्या ब्रायर्टनच्या बेसबॉल संघात होता, आणि त्या सहा वर्षांत त्याच्या बापानं त्याला एकदाही खेळताना पाहिलं नाही. बाप मैदानावर येत नव्हता असं नाही. दर रविवारी यायचा. साडेबाराची बस, हातात खाणकामगाराचा तो गोल पत्र्याचा डबा, अंगात पांढरा शर्ट. एकही रविवार चुकवला नाही. तरी पाहिलं नाही.

मी तेव्हा क्लबच्या कचेरीत होते. तिकिटं, पत्रं, सामन्यांचे तक्ते, अहवाल, सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. शिक्षिकेचं कॉलेज केलं होतं, शाळेत रमले नाही, एवढं माझ्याबद्दल पुरे. हे एमिलबद्दल आहे.

आधी जोडसामना म्हणजे काय ते सांगते, कारण हल्ली भाचीच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खोटंच वाटतं. एका तिकिटात, एकाच दिवशी, एकामागून एक दोन सामने. आमचा हंगाम एकशे चाळीस सामन्यांचा. ते एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत बसवायचे. त्यात पाऊस, त्यात आगगाडीचा प्रवास, त्यात रविवारी दिवे लावायला कायद्यानं बंदी. म्हणून तक्ता करायला बसलं की आधी रविवार आणि सुटीचे दिवस मांडायचे, प्रत्येकावर दोन-दोन सामने ठेवायचे, आणि मग उरलेल्या संध्याकाळी विजेच्या दिव्यांखाली एकेक. पावसानं बुडालेला सामनाही कुठल्यातरी एकट्या सामन्याला जोडून टाकायचा. ऑगस्टमध्ये चार दिवसांत सहा सामने झालेले मी स्वतः टंकले आहेत. लोकांना हे आवडायचं. चर्चमधून सरळ मैदानावर, बरोबर सॉसेज आणि खसखशीचा रोल, पोराबाळांसकट सहा तास. सगळा रविवार त्यातच जायचा.

आणि याच जोडसामन्यांवर एमिलचं पोट होतं.

कॅचर म्हणजे फटकावणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू झेलणारा. तोंडावर जाळी, छातीवर गादी, नडग्यांवर पट्टे. दोन तास ऊठबस करायची, शे-सव्वाशे चेंडू एकाच हातात घ्यायचे. एका दिवसात एकाच माणसाकडून हे दोनदा करून घेतलं तर महिन्याभरात त्याचे गुडघे जातात. म्हणून रिवाज असा होता की पहिल्या सामन्याला पहिला कॅचर, दुसऱ्याला दुसरा. कुठं लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडतही नसे. आमचा पहिला कॅचर डेल रिंगवॉल्ट. उंच, देखणा, फटका दमदार, बायका त्याच्यासाठी टोप्या विकत घेत. रोजच्या संध्याकाळचे सामने डेलचे, रविवारचा पहिलाही डेलचा. एमिलला मिळायचा तो रविवारचा आणि सुटीचा दुसरा सामना, पहिला नऊ डावांचा तर हा सातच डावांचा, निम्मी गर्दी पांगल्यावरचा. आठवड्याचे सहा दिवस तो फक्त पिचरांचे हात गरम करून द्यायचा. जोडसामने नसते तर कुठल्याही क्लबनं दुसरा कॅचर पोसला नसता. हे तोही जाणून होता.

त्याच्या डाव्या हाताची तर्जनी बधिर झालेली होती. चेंडू नेहमी तिथेच आदळतो. मी एकदा त्या बोटाला टाचणी लावून पाहिली. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“झालं का टोचून, प्राइसबाई?”

“टोचलं की.”

“मग असेल.”

तर बाप. माटूश हुडाक सात नंबरच्या खाणीवर पंप बघायचा. धुळीनं छाती भरल्यावर त्याला खालून वर आणून पंपावर बसवलं होतं. पंपावर दोनच म्हातारे, सहा ते सहा. पंप थांबला की खाण बुडते, त्यामुळे रविवारची सुटी नाही. माटूशची पाळी संध्याकाळी सहाची. त्यासाठी चार दहाची बस पकडावीच लागायची, कारण तिच्यानंतरची सहा दहाला. दुसरा म्हातारा सकाळपासून बारा तास काढून बसलेला असायचा, त्याला “अजून एक तास थांब” म्हणायला माटूशची जीभ कधी रेटली नाही.

आता हिशेब तुम्हीच करा. रोजच्या संध्याकाळी तो पंपावर. रविवारी दुपारी मोकळा, तर पहिला सामना डेलचा. तो संपायचा पावणेचारच्या सुमारास. मधे वीस मिनिटं विश्रांती. त्या वीस मिनिटांत एमिल बाकावर बसून नडगीचे पट्टे बांधायचा आणि माटूश डबा उचलून पायऱ्या उतरायचा. मी कचेरीच्या खिडकीतून दोघांनाही बघायचे. एमिल एका पायाला पट्टा बांधलेला, दुसरा पाय उघडा, असा उभा राहून हात करायचा. बाप टोपी उचलायचा. की गेला.

माटूशबरोबर सात नंबरच्या वस्तीतले तिघेचौघे यायचे. ते त्याला सोडत नसत.

“अरे माटूश, तुझा पोरगा बसायचेच पैसे घेतो का रे?”

“नाही नाही, बाक गरम ठेवायचे घेतो. डेलला थंड बाक चालत नाही.”

“मला अशी नोकरी द्या. मी बायकोसमोर वीस वर्षं फुकट बसतोय.”

माटूश हसायचा. हसला की खोकायचा. “तुम्ही चार दहानंतर थांबा आणि बघा,” एवढंच म्हणायचा. ते थांबत, बघत आणि दुसऱ्या दिवशी सांगत. तुझ्या पोरानं आज दोन झेल घेतले, तुझ्या पोरानं आज एकाला धावताना टिपला. माटूश ऐकून घ्यायचा. ऐकणं आणि बघणं यांत फरक आहे हे कुणी बोलून दाखवत नव्हतं.

पहिल्या वर्षी तो बाराव्या रांगेत बसायचा. उंचावरून सगळं नीट दिसतं म्हणून. तिसऱ्या वर्षी आठवीत आला. एकावन्न सालच्या मे महिन्यात तो तिसऱ्या रांगेत होता आणि तिथं पोचेपर्यंत दोनदा कठडा धरून उभा राहायचा. आम्हाला सगळ्यांना रांगा मोजता येत होत्या.

मी व्यवस्थापकाकडे गेले. लॉयड बेमर, मान नसलेला माणूस, तंबाखू चघळायचा.

“एक रविवार,” मी म्हटलं. “एमिलला पहिला सामना दे. डेलला दुसरा.”

“आणि गर्दीला काय सांगू? म्हाताऱ्याची बस आहे म्हणून?”

“सांग की.”

“बाई, पहिल्या सामन्याला माझा चांगला पिचर असतो. त्याला डेलच लागतो. तुम्ही तक्ते टंका.”

एमिलला कळलं तेव्हा तो माझ्यावरच चिडला. “माझ्यासाठी भीक मागू नका.” बरं, नाही मागत.

मग मेच्या शेवटच्या सोमवारची गोष्ट. मी लीगला पाठवायचा एक अहवाल टंकत होते. आमच्या राज्यात तेव्हा रविवारी संध्याकाळी सातनंतर खेळायला बंदी होती. पाद्र्यांनी लढून कायदा करून घेतलेला. सात वाजले की पंच होता तिथं सामना थांबवायचा. दुसऱ्या एका गावात तसा थांबला होता, त्याचं ते पत्र. एमिल आपलं टपाल न्यायला आला होता. दाराशी टेकून उभा.

“मग त्या थांबलेल्या सामन्याचं काय करतात?”

“तोच पाहुणा संघ परत आला की आधी तो संपवायचा. मग त्या दिवशीचा पहिला सामना.”

“आधी?”

“आधी म्हणजे आधी. दुपारी एक वाजता. जिथं थांबला तिथून पुढं.”

“आणि खेळाडू?”

“जे मैदानात होते तेच. व्यवस्थापकानं बदलले नाहीत तर.”

तो आपल्या त्या मेलेल्या बोटाकडे बघत होता. मी टंकत राहिले. खरं सांगायचं तर माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसले.

जूनच्या दुसऱ्या रविवारी हॅम्सफोर्डचा संघ आला. पहिला सामना बरोबरीत अडकला आणि बाराव्या डावापर्यंत गेला. माटूश तो संपायच्याही आधी, दहाव्या डावात, उठून गेला. दुसरा सामना सुरू व्हायला पाच वाजून पाच मिनिटं झाली. सात डाव नेहमीच्या चालीनं झाले तर पावणेसातला खेळ खलास.

एमिल हळू खेळायला लागला.

तसं कॅचरच्या हातात बरंच असतं. खूण उशिरा द्यायची. उठून पिचरपर्यंत चालत जायचं, काहीतरी बोलायचं, परत यायचं. नडगीचा पट्टा सुटला म्हणायचं. डोळ्यात धूळ गेली म्हणायचं. दर डावात दोन मिनिटं, तीन मिनिटं. आमचा पिचर विल्बर टाऊस, वय एकवीस, तो भांबावला.

“काय झालंय तुला? माझ्या टाकण्यात काही चुकतंय का?”

“नाही. श्वास घे.”

“घेतला की! मघाशीच घेतला!”

पंच म्हातारा आणि पायाला गाठी झालेला. तिसऱ्यांदा पट्टा सुटला तेव्हा तो म्हणाला, “हुडाक, तुझ्या आईनं तुला गाठ मारायला शिकवलं नव्हतं का?”

“शिकवलं होतं. ती फार लवकर गेली.”

“मग माझ्याकडून शीक. पुढच्या वेळी मी दोरीनं बांधीन.”

सातव्या डावाच्या सुरुवातीला आम्ही दोन-एक असे पुढे होतो. बेसबॉलमध्ये पाहुणे आधी फटकावतात, यजमान नंतर. पाहुण्यांचे तिघं बाद केले की आमचा विजय, आम्हाला फटकावायची गरजच नाही. दोन बाद झाले. हॅम्सफोर्डचा एक जण तिसऱ्या बेसवर, घरापासून, म्हणजे फटकावणारा उभा राहतो त्या पाटीपासून, नव्वद फुटांवर उभा; घरी पोचला की एक धाव. कचेरीतल्या घड्याळात सहा वाजून बेचाळीस मिनिटं. टाऊसनं चेंडू टाकला, सरळ, साधा, शाळेतलं पोरसुद्धा झेलेल असा. तो एमिलच्या हातमोज्याखालून मागे गेला. तिसऱ्या बेसवरचा धावत घरी आला. दोन-दोन.

मी पुढं पुष्कळ वर्षांनी त्याला सरळ विचारलं. “सोडलास का रे तो?”

“हाताला लागला नाही,” तो म्हणाला.

“लागला नाही की कळला नाही?”

“माहीत नाही, प्राइसबाई. त्या बोटाला काय कळत होतं?”

यापेक्षा जास्त तो कधी बोलला नाही, आणि मला वाटतं त्यालाही यापेक्षा जास्त माहीत नव्हतं.

पुढं अजून दोनदा तो टाऊसकडे चालत गेला. तिसरा गडी बाद झाला तेव्हा सहा त्रेपन्न. मग आमची फटकावायची पाळी. पहिला बाद. दुसऱ्यानं चांगला फटका मारला आणि दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. ऑर्व्हिल पेक बॅट घेऊन पुढं निघाला, त्याच्यामागे एमिलचा नंबर, आणि तेवढ्यात सेंट बार्नबस चर्चची सातची घंटा झाली. पंचानं दोन्ही हात वर केले. लोक शिव्या देत उठले.

एमिलनं तोंड धुतलं, कपडे बदलले आणि कचेरीत आला. पहिल्यांदा मी त्याला दात दाखवून हसताना पाहिलं.

“हॅम्सफोर्ड परत कधी?”

“पाच आठवड्यांनी. जुलैचा तिसरा रविवार. जोडसामना.”

“म्हणजे एक वाजता.”

“एक वाजता. बस बारा पन्नासला इथं पोचते. पुरतं.”

दुसऱ्या दिवशी अहवाल टंकताना माझे हात थांबले. सातवा डाव, उत्तरार्ध, एक बाद, दुसऱ्या बेसवर एक जण, दोन-दोन. फटकावणारा संघ ब्रायर्टन. म्हणजे सामना पुन्हा सुरू होईल तेव्हा एमिल उकिडवा बसलेला नसेलच. आपली माणसं फटकावत असतील, तो बाजूला थांबलेला असेल. तो कॅचर म्हणून मैदानात यायला आठवा डाव लागणार, आणि आठवा डाव व्हायला या डावात आपल्याला एकही धाव मिळायला नको. पेकनं एक बरा फटका मारला की दुसऱ्या बेसवरचा घरी पोचणार आणि सगळं संपणार. एमिलनं घड्याळाकडे एवढं लक्ष दिलं की पाळी कुणाची हे त्यानं पाहिलंच नव्हतं. मी तरी कुठं पाहिलं? दहा मिनिटं आधी घंटा व्हायला हवी होती, तो तिथं मागे बसलेला असताना.

मी त्याला सांगितलं. 

“पेकनं महिन्याभरात तीन फटके मारलेत,” तो म्हणाला.

“दोन,” मी म्हटलं. “तिसरा पंचाची मेहेरबानी.”

“मग तो बाद होईल. मग मी. निदान बॅट घेऊन तरी उभा राहीन त्यांच्यासमोर.”

आपलाच माणूस बाद व्हावा असं वाटून घेत त्यानं पाच आठवडे काढले. त्याच पेकच्या शेजारी बाकावर बसून. चार जुलैला पेकनं त्याला विचारलं, “तू माझ्याशी बोलत का नाहीस रे?” एमिलनं त्याला स्वतःचा सगळा अ‍ॅपल पाय देऊन टाकला.

बेमरकडे मी परत गेले. भीक म्हणा काही म्हणा. “पेक बाद झाला तर एमिलच्या जागी डेलला फटकावायला पाठवशील?”

“पाठवायलाच हवा. कुणीही पाठवील.”

“म्हातारा येणार आहे.”

बेमरनं चघळणं थांबवलं. मग थुंकला. “ठीक आहे. नाही पाठवत. पण बाई, हे गावात बोललात तर मी तुमचं टंकयंत्र नदीत टाकीन.”

जुलैच्या त्या रविवारी माटूश पहिल्या रांगेत बसला. डबा मांडीवर. छातीचा आवाज दोन माणसं सोडून ऐकू येत होता. सात नंबरची चौकडी आजूबाजूला. मी कचेरीला कुलूप लावून त्यांच्या मागं जाऊन बसले.

“आज काय विशेष, माटूश? पोरगा उभा राहणार म्हणे!”

“तुम्ही गप बसा आणि बघा.”

“उभं राहायचं जास्त देतात का?”

बरोबर एकला पंच आला, तोच गाठीच्या पायांचा. दुसऱ्या बेसवर माणूस उभा केला. पेक बॅट घेऊन आला. आणि त्याच्यानंतरचा म्हणून एमिल बाजूच्या वर्तुळात येऊन एक गुडघा टेकून बसला, हातात दोन बॅटी. बापापासून पंधरा पावलांवर. इतक्या जवळ तो आधी कधी आला नव्हता. त्यानं वळून पाहिलं. माटूशनं टोपी काढली आणि परत घातली नाही, तशीच हातात धरून ठेवली.

पहिला चेंडू पेकनं सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, लागला नाही. “बघ, आंधळा आहे,” चौकडीतला एक म्हणाला. एमिलनं एक बॅट खाली ठेवली, उठायची तयारी केली.

तिसरा चेंडू पेकनं मारला. असा मारला की मला लागतानाच कळलं. दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून तो भिंतीपर्यंत गेला. दुसऱ्या बेसवरचा पळत सुटला. धावणारा घराकडे येताना त्याला चेंडू दिसत नाही, पाठीमागे असतो. म्हणून वर्तुळातल्या माणसानं पुढं येऊन खूण करायची असते. हात खाली केले तर घसरत ये, वर केले तर उभाच ये. एमिल पुढं आला, घराच्या मागं उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात सरळ वर केले. धावणारा उभ्यानं आला. तीन-दोन. सामना संपला. एक वाजून तीन मिनिटं झाली होती.

सगळे पेकच्या अंगावर धावले. एमिलनं जमिनीवरच्या दोन्ही बॅटी उचलल्या. बाकाकडे जाताना बापाकडे पाहिलं नाही.

 मग त्या चौकडीतला सगळ्यात वाचाळ, तोच हळूच म्हणाला, “म्हणजे... हात वर करायचे पैसे?”

“हो,” माटूश म्हणाला. “आणि केव्हा करायचे ते त्याला कळतं.”

मग त्यानं डबा उघडला आणि सगळ्यांना कोबीच्या गुंडाळ्या वाटल्या. मलाही एक दिली. गार होती. मी खाल्ली.

त्यानंतर पहिला सामना डेलनं खेळला. पावणेचारला संपला. माटूश उठला, एमिल एका पायाला पट्टा बांधलेला असा उभा राहिला, हात केला, टोपी उचलली गेली. दुसरा सामना एमिलनं झेलला, सात डाव, एकही चेंडू मागे गेला नाही, दोघांना धावताना टिपलं. मी अहवालात तेवढं लिहिलं. अहवालात तेवढ्याचीच जागा असते.

संध्याकाळी तो कचेरीत आला.

“परत एकदा थांबवता येईल,” मी म्हटलं. “ऑगस्टमध्ये आपल्या मैदानावर तीन रविवार आहेत.”

“नाही. त्या पोराचा, टाऊसचा विजय जवळजवळ घालवला होता मी. पेकनं परत मिळवून दिला. बस झालं.”

“बाप काय म्हणाले?”

“काही नाही. मघाशी कठड्यावरून, उद्या जेवायला ये म्हणाले.”

ऑगस्टमध्ये माटूश गेटाजवळच्या बाकावर बसायचा, जिथून अर्धंच मैदान दिसतं. सप्टेंबरात आला नाही. नोव्हेंबरच्या सहा तारखेला गेला. मी मातीला गेले होते. संघातले सातजण आले होते, पेकसुद्धा, पिट्सबर्गच्या पलीकडून. एमिल रडला नाही. हातमोजे न घालता उभा होता आणि त्याची बोटं निळी पडली होती. मी म्हटलं, हात खिशात घाल. त्यानं घातले.

त्या हिवाळ्यात लीगची बैठक झाली. मालक लोकांनी ठरवलं की एका तिकिटात दोन सामने देणं हा मूर्खपणा आहे. लोक घरी टेलिव्हिजन बघत बसतात, तेव्हा जे येतात त्यांना तरी दोनदा यायला लावा. रविवारी दुपारी एकच सामना. जोडसामना फक्त तीन सुट्यांना आणि पाऊस पडला तर. मागे तक्ता करताना आधी रविवार मांडायचे, आता आधी दिवे मांडायचे. मला लांबरुंद कागद आला, मी तो स्वच्छ टंकून काढला, बारा प्रती. कार्बनचा डाग बाहीला लागला, तो गेला नाही. फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं. प्रत्येक संघानं दोन खेळाडू कमी करावेत. बेमरनं नावं सांगितली. मी तीही टंकली. पहिलं नाव हुडाक.

वर्षाला तीन जोडसामने आणि पाऊस, एवढ्यासाठी कोण दुसरा कॅचर ठेवील? त्या तीन दिवशी डेलच दोन्ही सामने झेलायचा. दोन वर्षांत त्याचे गुडघे गेले, ते जाऊ दे.

एमिलला मीच सांगितलं. बेमरला धीर झाला नाही.

“बरं,” तो म्हणाला. “बाबांच्या जागी पंपावर माणूस हवाय. मी सांगून ठेवलं होतं.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“तक्ता वाचता येतो मला.”

तेव्हापासून तो सात नंबरच्या पंपावर, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. एकोणीस वर्षं, खाण बंद होईपर्यंत. लग्न केलं नाही. त्याच्यासाठी थांबलेली एक होती हेझल्टनची, दोन वर्षं वाट बघून तिनं दुसरा केला. 

रविवारी मात्र तो मैदानावर यायचा. साडेबाराची बस, बापाचा तोच डबा. पहिल्यांदा आला तेव्हा मी तिकीट घेऊ दिलं नाही. तो जिना चढून बाराव्या रांगेत जाऊन बसला. सामना पावणेचारला संपला. लोक भराभर निघून गेले. कुणाला थांबायचं काही कारणच नव्हतं. तो बसून राहिला. खाली मैदानावरची माणसं माती ओढत होती, बेसच्या गाद्या उचलत होती. त्याची बस चार दहाची. ती वीस मिनिटं तो तसाच बसून राहिला, एक पाय जरा पुढं करून.

मी किल्ल्या घेऊन वर गेले.

“कसा वाटला?”

“बरंय की, प्राइसबाई. आता पूर्ण बघून जाता येतं.”

“गेट लावायचंय, एमिल.”

“हो,” म्हणून तो उठला.

पुढच्या रविवारीही तो वीस मिनिटं बसला. मग मी चार पाचशिवाय गेट लावायचंच सोडून दिलं.